तांब्याच्या रंगाची शिकाऊ गाडी

७ जानेवारी

बारके,

सहा वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवातच कामाने करतेय, म्हणून नाक मुरडू नकोस. सोबत एक फॉर्म आहे. फुली मारली आहे तिथे सही कर आणि उलट टपाली पाठव. परतीच्या पाकिटावर पत्ता घालून, तिकीट चिकटवून ठेवलं आहे. तुला फक्त पेन शोधायचं आहे.

फॉर्म गाडीचा रंग बदलण्याचा आहे. त्यावर मालकाची सही लागते, आणि कागदोपत्री मालकीण अजून तूच आहेस. घरोघर जाऊन पेशंट बघायची नर्सची नोकरी तुला मिळणार म्हणून तुझ्या नावावर घेतलेली तीच पांढरी गाडी. तू दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात निघून गेलीस आणि गाडी दारात राहिली. त्याच वर्षी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या गाडीने मान टाकली, तेव्हापासून मी तुझीच शिकवणीला वापरतेय. न विचारता. हे आत्ता सांगतेय, तेही सही हवी म्हणून, हे मला कळतं. कळत नाही असं समजू नकोस.

रंग का बदलायचा तेही सांगते. चौकापलीकडे नवीन ड्रायव्हिंग स्कूल निघालं आहे. चार कोऱ्या गाड्या, काचेचं ऑफिस, फोनवरून तासाची वेळ ठरवायची सोय. माझ्याकडे एक पांढरी गाडी आणि मी. गेल्या तीन महिन्यांत माझ्याकडे पाच जण आले, त्यातले दोघे पत्ता चुकून. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बसतात ते घड्याळजी आणि मी, दोघांनी ठरवलं की गाडी स्टीमपंक करायची. शब्द त्यांचा. त्यांनी एका मासिकातलं चित्र दाखवलं. पेट्रोल सापडलंच नसतं आणि जग वाफेवरच चालत राहिलं असतं तर गाड्या कशा दिसल्या असत्या, तशी गाडी. पितळ, तांबं, चामडं, नळ्या, दातेरी चाकं, सगळं पोटातलं बाहेर. "पैसेवाले यावर लाखो उधळतात," घड्याळजी म्हणाले, "आपण भंगारावर भागवू." मी लगेच हो म्हटलं. तुला माहीतच आहे, मी एकदा हो म्हटलं की म्हटलं.

मागच्या गोष्टी मी उकरणार नाही. परीक्षेच्या दिवशी तू घाबरलीस, गाडी जाऊन खांबावर आदळली, लायसन्स हुकलं, नोकरी हुकली. वाईट झालं. पण त्यावरून सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकायचं? तू पुन्हा माझ्याशी बोलावंस एवढंच मला हवं आहे. सध्या सही केलीस तरी चालेल.

ताई


२१ जानेवारी

बारके,

फॉर्म मिळाला. सही तशीच आहे, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. सोबतची चिठ्ठीही मिळाली. "गाडी अजून आहे?" तीन शब्द. मी ती चिठ्ठी घड्याळजींना दाखवली, बेकरीवालीला दाखवली, आणि दोघांनीही "बरं मग?" अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. त्यांना काय कळणार. सहा वर्षांनी तीन शब्द म्हणजे वर्षाला अर्धा शब्द झाला. माझ्या दृष्टीने ही भरभराट आहे.

तर गाडी आहे. आणि आता तर अशी आहे की तिच्यासमोर उभं राहून लोक डोकं खाजवतात.

पहिला हात फसला. डब्यावर 'तांबे' लिहिलं होतं, गाडीवर भोपळा उमटला. सकाळी अंगणात येऊन बघते तर चार चाकांवर उभा एक भलामोठा भोपळा. समोरची मंडळी खिडकीत जमली होती. मी जराही चेहरा पडू न देता म्हटलं, "हे अस्तर आहे." मग घड्याळजींनी युक्ती काढली. तपकिरी बूटपॉलिश जुन्या मोज्याने खाचाखाचांत चोळायचं, वर पारदर्शक लेप द्यायचा. आठ डब्या लागल्या. आता ती शंभर वर्षं जुन्या तांब्याच्या हंड्यासारखी दिसते, आणि जवळ गेलं की तिला बुटाचा वास येतो.

रिव्हेट म्हणशील तर सोफ्याला ठोकतात ते पितळी डोक्याचे खिळे. टोक कापायचं, डोकं चिकटवायचं. चारशे बारा चिकटवले. नळ्या साध्या प्लॅस्टिकच्या, पाण्याच्या, त्यांचे वाकडे तुकडे जोडून रंगवल्या आणि डॅशबोर्डवरून फिरवल्या. त्यातून काहीही वाहत नाही. नळदुरुस्तीवाल्याने जुन्या नळाची पितळी मूठ दिली, ती गिअरच्या दांड्यावर बसवली. दिव्यांभोवतीची कडी बेकरीवालीच्या पोचलेल्या केकच्या भांड्यांची आहेत, तळ कापून टाकलेली. ती भांडी द्यायला आली, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "मॅडम, मी शिकले तर हिच्यावरच शिकीन." पंचेचाळीस वर्षांची बाई, दोन माणसांनी मळायची कणीक एकटी मळते, पण स्टिअरिंगला हात लावायच्या आधी तिने तो दोनदा पदराला पुसला. सोमवारपासून तिचे तास सुरू.

तू तिकडे काय करतेस? अजून त्याच वॉर्डात आहेस का? उत्तर दिलंस तर बरं वाटेल, नाही दिलंस तर मी लिहीतच राहीन.

ताई


११ फेब्रुवारी

बारके,

गाडी तपासणीत पास झाली! एकही वस्तू बाहेर टोचत नाही, दिवे झाकलेले नाहीत, नंबर स्वच्छ दिसतो. अधिकारी पाऊण तास गाडीखाली होता. बाहेर आला तेव्हा शर्टावर पॉलिश लागलं होतं आणि तो हसत होता.

त्याला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? दाबमापक. बंद पडलेल्या एका लाँड्रीच्या बॉयलरवरचा, ताटाएवढा, शून्यापासून दोनशेपर्यंत आकडे, शेवटी लाल पट्टा. भंगारवाल्याकडे तो कोळशाखाली पडला होता. आम्ही तो डॅशबोर्डच्या बरोबर मधोमध बसवला, पण काटा मेलेला. घड्याळजी म्हणाले, "मेलेला काटाच लावायचा तर मग नुसतं चित्र काढा." इंजिनला जोडायचा तर खटाटोप फार. मी म्हटलं, "माझ्या बाजूच्या जादा ब्रेकला जोडा. तसाही मी दिवसभर तो दाबतच असते." त्यांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्याकडे बघितलं आणि सायकलच्या ब्रेकची एक तार माझ्या बाजूच्या पेडलपासून नळीतून काट्यापर्यंत नेली. मी ब्रेक दाबला की काटा झपकन वर जातो आणि सोडला की डुलत खाली येतो. अगदी वाफ कोंडल्यासारखा. अधिकाऱ्याने माझं पेडल दहा वेळा दाबून बघितलं. "तार ब्रेकला ओढत नाही, ब्रेक तारेला ओढतो," तो म्हणाला, "चालेल."

गेल्या आठवड्यात सहा नवीन शिकाऊ आले. चौकापलीकडच्या काचेच्या ऑफिसातला मुलगा काचेला नाक लावून बघत होता. मी हात केला.

तुझं उत्तर नाही. असू दे.

ताई


२ मार्च

बारके,

आज मी चिडलेली आहे आणि चिडल्यावर कुणाला तरी सांगावं लागतं.

बेकरीवालीचा अकरावा तास. मोठ्या चौकाचं वळण, उजवीकडून टेम्पो. तिने पाय वेळेवर हलवला नाही, मी माझा ब्रेक दाबला, गाडी थांबली, टेम्पो गेला. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "छान. अगदी छान." तर बाईने सिग्नल देऊन गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळून बसली.

"मॅडम, हा काटा कधी उडतो ते मला कळलं."

"शोभेचा आहे तो."

"माझा पाय ब्रेकवर नव्हता. गाडी थांबली आणि काटा दीडशेवर गेला. म्हणजे थांबवली तुम्ही. वर म्हणालात छान."

"छानच चाललं होतं."

"कुणाचं?"

असं विचारलं तिने. मला, बारके! मग तिने हट्टच धरला की एक पूर्ण फेरी मारायची आणि काटा किती वेळा उडतो ते मोजायचं. तेवीस वेळा. त्यातले खरोखर गरजेचे किती, म्हणून विचारलं. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हटलं, सहा. "मग बाकीचे सतरा?" मी म्हटलं, सवय. तर म्हणते, "अकरा तास मी घरी सांगतेय की मला गाडी येते. गाडी तुम्हाला येते."

मी तडक घड्याळजींकडे गेले आणि तार कापून टाका म्हणून सांगितलं. ते एका गजराच्या घड्याळाचं पोट उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काटा चुकीचं दाखवत असेल तर आत्ता काढतो." मी म्हटलं, चुकीचं नाही दाखवत. "मग पक्कड तुमच्या हातात देतो, तुम्ही कापा."

वीस वर्षं मी शिकवतेय. माझा ब्रेक इतका अलगद लागतो की शेजारी बसलेल्याला कळत नाही, असं लोक म्हणतात. मी ते कौतुक म्हणून मिरवत आलेय. पक्कड मी घरी आणली आहे. टेबलावर आहे.

ताई


९ मार्च

बारके,

तार कापली नाही. हे पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. चौथ्यांदा जे येईल ते पाठवणार आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की परीक्षेच्या दिवशी तू घाबरलीस. सहा वर्षं मी हेच सांगतेय. तुला, मावशीला, शेजाऱ्यांना. ते खोटं आहे. तू घाबरली नव्हतीस. मी कुंपणाच्या बाहेर उभी होते, मला तुझा चेहरा दिसत होता. तू मजेत होतीस. वळण छान घेतलंस, चढावर गाडी मागे येऊ दिली नाहीस. मग शेवटच्या सरळ पट्ट्यात तो खांब समोर आला, तू ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललास आणि वाट बघत बसलीस. गाडी आपोआप थांबायची वाट. कारण चाळीस तास ती तशीच थांबत होती.

ती आपोआप थांबत नव्हती, बारके. मी थांबवत होते. तुझा पाय ब्रेकवर जायच्या आधी माझा गेलेला असायचा. तू पाय उचललास की मी हळूच दाबायचे आणि म्हणायचे, छान. बेकरीवालीला तेवीस वेळा, तुला किती वेळा ते मोजायची सोय नव्हती. परीक्षेच्या गाडीत शेजारी अधिकारी होता, आणि तो कशाला दाबेल? कुंपणाबाहेर उभ्या उभ्या माझा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. तुझी गाडी खांबाला लागायच्या आधी. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. त्याच क्षणी.

संध्याकाळी तू जेवली नाहीस. मला विचारलंस, "ताई, मी थांबले का नाही?" मी म्हटलं, घाबरलीस, होतं असं, काहीजणांच्या हाताला गाडी बसत नाही. हे वाक्य मी तुला म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू परत विचारलंस, मी परत तेच म्हटलं, आणि वर म्हटलं की घरोघर फिरायची नोकरी नाहीतरी दगदगीचीच. त्यावर तू म्हणालीस, "शिंक मला आली तरी रुमाल तू स्वतःच्या नाकाला लावतेस," आणि बॅग भरलीस. तेव्हा मला ते लागलं होतं. उलट उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर तू जिन्यात होतीस.

का केलं, ते सांगते, पण माफीसाठी नाही. तुला धक्कासुद्धा बसलेला मला चालत नव्हता, हे खरं. आणि तेव्हा गावात एकच ड्रायव्हिंग स्कूल माझं, त्यात माझीच बहीण माझ्याच शिकवणीने नापास झाली हे बाहेर कळलं असतं तर माझं नाव गेलं असतं, हेही खरं. यातलं जास्त काय होतं, ते मला आजही सांगता येत नाही. तुला लहानपणापासून पेशंटांच्या घरी जायचं होतं. त्या नोकरीपेक्षा मी माझी पाटी सांभाळली.

तुझ्या हातात काही खोट नव्हती. तुला गाडी येत नव्हती कारण मी ती शिकवली नाही.

ताई


३० मार्च

बारके,

उत्तर मागत नाही. नुसती खबर देते.

मी आता वेगळ्या पद्धतीने शिकवते. काटा उडाला की गाडी पुढे सुरक्षित जागी थांबवायची आणि शिकाऊने सांगायचं की मी का दाबला. त्याला नाही सांगता आलं तर मी सांगायचं. आणि माझं कारण फालतू निघालं तर मी तसं कबूल करायचं. पहिल्या आठवड्यात मी इतक्या वेळा कबूल केलं की माझी जीभ दुखली. आता माझा काटा तासाला सात-आठ वेळाच उडतो, आणि बहुतेक वेळा त्याला उडायला काहीतरी कारण असतं.

"छान" हा शब्द मी जपून वापरते. गेल्या मंगळवारी एका गृहस्थांना एकदाच म्हटलं, तर ते गाडीतून उतरेपर्यंत हसत होते.

बेकरीवालीने ही गोष्ट पावाबरोबर गावभर वाटली आहे. काचेच्या ऑफिसातून तिघे माझ्याकडे आले. म्हणाले, तिकडे सगळं छान छानच म्हणतात, आपल्याला येतं की नाही कळत नाही. लोक रंग बघायला येतात आणि काट्यासाठी राहतात. घड्याळजींची मान इतकी ताठ झाली आहे की त्यांना भिंगातून खाली बघता येत नाही.

एवढंच.

ताई


१९ एप्रिल

बारके,

तुझं पत्र काल आलं. दीड पान! दारातच उभी राहून वाचलं, मग बसून वाचलं.

तू लिहिलंस की माझं पत्र वाचून दोन दिवस तुझं डोकं भणभणत होतं. हक्क आहे तुझा. तू लिहिलंस की सहा वर्षं तू रस्ता ओलांडतानासुद्धा स्वतःवर विश्वास ठेवला नाहीस, कारण तुला वाटायचं की ऐन वेळी तुझं अंग हलत नाही. ही ओळ मी पुन्हा वाचू शकले नाही. ती हाताने झाकून पुढचं वाचलं. हे मी केलंय, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. मला वाईट वाटतं, बारके. फार वाईट वाटतं. कुणापुढे वाकणारी मी नाही, पण तुझ्यापुढे वाकून सांगते.

आणि मग ते पुढचं! तू तिथे क्लास लावलास म्हणे, माझं पत्र मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी. बावीस तारखेला परीक्षा. आणि ठळक अक्षरात: येऊ नकोस.

खरं सांगू? वाचल्या वाचल्या मी चार पानं लिहिली. चढावर काय करायचं, आरशात कधी बघायचं, अधिकारी कुठे फसवतात, बूट कुठले घालायचे. वीस वर्षांचं सगळं भांडार ओतलं. मग ती चारही पानं वाचली आणि फाडली. त्यामुळे या पत्रात परीक्षेबद्दल एक अक्षर नाही, हवं तर उलटं करून बघ. निकाल काय लागला ते कळवायचं की नाही, तेही तूच ठरव. नापास झालीस तर पुन्हा देशील, तुझी तू.

आता तुझी अट. "पास झाले तर सुट्टी घेऊन येईन, माझी गाडी आहे, मी चालवीन, आणि तू पुढे बसायचं नाहीस. मागच्या सीटवर बसायचं."

मान्य.

मात्र लक्षात आलं की मी त्या सीटवर आजवर कधी बसलेच नाही. म्हणून आज सकाळी सराव केला. बेकरीवाली गेल्या आठवड्यात पास झाली आहे, तिला म्हटलं, चल, मला फिरवून आण. घड्याळजी पुढे बसले, मी मागे. मागून सगळं वेगळंच दिसतं गं. रस्ता अर्धाच दिसतो, माणसांची डोकी मात्र पूर्ण दिसतात. चौकात टेम्पो आला, माझा पाय गेला पुढे, तिथे नुसती चटई. बेकरीवालीने स्वतःच गाडी थांबवली. जरा जोरात थांबवली, घड्याळजींची टोपी पडली, पण थांबवली. मी काही बोलले नाही. हे खोटं वाटत असेल तर दोघांना विचार.

पुढच्या वळणाला पाय पुन्हा शिवशिवला, तेव्हा मी पट्टा सैल केला, चपला काढल्या आणि सरळ मांडी घालून बसले. मग बरं वाटलं. खिडकीची काच खाली घेतली. गावात इतकी नवी दुकानं झाली आहेत ते मला माहीतच नव्हतं.

बावीसला मी येत नाही. तू ये तेव्हा ये. मी चपला काढून मागे बसलेली असेन.

तुझी ताई